पूर आराखड्याला दिव्यांगांची यादी जोडली, आता पुढे काय करायचं?

सरपंचताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, वस्ती ४,२०० ची. गावच्या आपत्ती आराखड्यात दिव्यांगांचा आणि मराठी न समजणाऱ्यांचा समावेश करा, अशी सूचना मान्सूनपूर्व बैठकीत आली. ग्रामसेवकांनी दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधीतल्या लाभार्थ्यांची ४७ नावांची यादी आराखड्याला जोडली. गावात घरी कानडी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत, शिवाय इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जाणारे बिहार-ओडिशाचे कामगार भाड्याने राहतात. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. नदीकाठच्या गावांत आराखडे आणि तालमींचं काम मी अठरा वर्षं करतोय. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत यादी व्यवस्थित असलेली गावं पाहिली. पाणी चढलं तेव्हा यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात होती आणि यादीतली माणसं आपापल्या माळ्यावर. यादीतल्या प्रत्येक नावापुढे कोण जाणार, कधी जाणार, काय घेऊन जाणार आणि कुठल्या भाषेत काय सांगणार, हे लिहिलेलं नव्हतं. हे सगळं त्या माणसाच्या उंबऱ्यावर बसून, त्यालाच विचारून ठरवावं लागतं, आणि तेही उन्हाळ्यात.

आधी ४७ या आकड्याबद्दल बोलतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे शंभरात अडीचपेक्षा जास्त. तुमच्या वस्तीला हा हिशेब लावला तर आकडा शंभराच्या पुढे जातो. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ मानले आहेत, त्यात स्वमग्नता (ऑटिझम), सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार, हेही आलं. तुमच्या यादीत आहेत ते ४० टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र मिळालेले आणि निधीसाठी अर्ज केलेले. मोतीबिंदूने दिसेनासं झालेल्या आजी त्यात नाहीत. अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेले आजोबा नाहीत, कारण त्यांना दवाखान्यात नेऊन दाखला काढायची कुणी तसदी घेतली नाही. ज्या घरात मुलीचं लग्न ठरायचंय त्या घरातला मानसिक आजार तर कुठल्याच कागदावर येत नाही. आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना आणि शाळेत येणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांना एका दुपारी एकत्र बसवा. गावाचा नकाशा पुढ्यात ठेवून गल्ली गल्ली घ्या. कागदावर नसलेली निम्मी नावं त्या बैठकीतच निघतात.

मग घरोघर जा. सर्वेक्षणाचा छापील तक्ता घेऊन गेलात तर हो-नाही अशी उत्तरं मिळतील, म्हणून मी एकच प्रश्न विचारून गप्प बसतो: "२०१९ ला पाणी आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" माणूस बोलायला लागतो. पोलिओमुळे दोन्ही पाय गेलेल्या एका मावशींनी मला सांगितलं की तेव्हा पोरांनी पाठकुळी मारून त्यांना बाहेर काढलं, पण चाकाची खुर्ची मागे राहिली. पुढचे अकरा दिवस निवारा केंद्रात त्या जमिनीवर सरपटत होत्या. संडासला जायला लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणं कमी केलं, आणि शेवटी लघवीच्या त्रासाने दवाखान्यात भरती व्हावं लागलं. "मला काढलं, पण माझे पाय घरात ठेवले," हे त्यांचे शब्द. त्या गावच्या आराखड्यात आता माणसाच्या नावापुढे त्याच्या साधनाचं नावही असतं: खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल, पांढरी काठी.

याच मावशींनी आमच्या तालमीतली एक मोठी चूक पकडून दिली. सहा तरणीबांड पोरं त्यांना खुर्चीसकट बोटीत चढवायला आली. दोघांनी खुर्चीचे हात धरले, "एक, दोन, तीन" म्हणून उचलली, आणि एका बाजूचा हात सटकन निघून पोराच्या मुठीत आला. बऱ्याच व्हीलचेअरचे हात काढता येणारे असतात, बसण्या-उठण्याच्या सोयीसाठी. पाय ठेवायच्या पट्ट्याही तशाच. मावशी एका अंगाला कलल्या. पाणी गुडघाभर होतं आणि शेजारी माणसं होती म्हणून निभावलं. मग त्यांनीच पोरांना खाली बसवून खुर्ची दाखवली: ही मागची मूठ, ही सीटखालची नळी, इथेच धरायचं, आधी ब्रेक लावायचा, आणि बोट असेल तर मला खुर्चीत ठेवायचंच नाही. बोटीत माणसाला खाली तळाशी बसवायचं, लाईफ जॅकेट घालायचं आणि खुर्ची घडी करून वेगळी न्यायची. खुर्चीला पट्ट्याने बांधलेला माणूस बोट कलंडली तर सुटू शकत नाही. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात पोरांना जे कळलं नव्हतं ते मावशींनी वीस मिनिटांत शिकवलं. तेव्हापासून आमच्याकडे तालीम घेणाऱ्यांत एक तरी दिव्यांग व्यक्ती असतेच. तुमच्याही गावात अशी माणसं आहेत. त्यांना फक्त लाभार्थी म्हणून बोलावू नका, ग्राम आपत्ती समितीत खुर्ची द्या.

आता वेळेचं. तुमच्या भागात सगळ्यांचं लक्ष कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे असतं: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. बहुतेक गावं ४३ ची वाट बघतात, आणि घरची माणसं त्याहून उशिरा निघतात, कारण गोठ्यात जनावरं असतात. ज्यांना निघायला वेळ लागतो त्यांच्यासाठी वेगळा आकडा ठरवा. माझा सल्ला ३९ चा, आणि अंदाज वाईट असेल तर त्याच्याही आधी, रस्ता कोरडा असताना, टेम्पोतून किंवा ॲम्ब्युलन्समधून. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. अशा शेवटच्या फेरीत पोहता न येणाऱ्या, काठ धरता न येणाऱ्या माणसावर बसायची वेळ येऊ नये. ज्याला बोट सगळ्यात अवघड, तो बोटीची गरज पडायच्या आधी गावाबाहेर असला पाहिजे. यात नातेवाइकांकडे जाणंही आलं. सगळ्यांनी निवारा केंद्रातच यावं असा आग्रह धरू नका, फक्त कोण कुठे गेलं याची नोंद ठेवा.

जाताना घर राखायला कुणाला मागे ठेवलं जातंय तेही बघा. दोन-तीन ठिकाणी मी पाहिलं की बायका-पोरं निघाली आणि जनावरांपाशी मागे राहिले ते ऐकू न येणारे काका, नाहीतर मतिमंद म्हणून ज्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही असा मोठा मुलगा. घरच्यांच्या मनात काही वाईट नसतं. तो एरवीही गोठ्यातच असतो, म्हणून तिथेच राहतो. पण भोंगा वाजला तर काकांना तो ऐकू येणार नाही. म्हणून जनावरांच्या स्थलांतराचं आणि या माणसांचं नियोजन एकाच कागदावर करा.

माणूस आणि मदतनीस अशा जोड्या लावताना प्रत्येक नावापुढे मदतीची दोन घरं लिहा, एक मुख्य आणि एक पर्यायी. तरुण मंडळाची पोरं उत्साही असतात, पण सकाळी आठला ती इचलकरंजी-जयसिंगपूरला कामावर गेलेली असतात, म्हणून दिवसाच्या जोडीत बचत गटाच्या बायका घ्या. आशाताईंच्या नावापुढे वीस घरं लिहून मोकळं होऊ नका. पुरात त्यांचंही घर पाण्यात असतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी अलीकडे मोबाईलवर मोठ्या आवाजात आणि थरथरत येणारे इशारे आहेत आणि आपत्तीचे इशारे देणारं सरकारी 'सचेत' ॲपही आहे. दोन्ही चांगले, पण रात्री फोन फडताळात चार्जिंगला लावलेला असेल तर त्याची थरथर झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ऐकू-बोलू शकणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे एक व्हॉट्सॲप क्रमांक ठरवा, त्यावर व्हिडिओ कॉल घेता आला पाहिजे, आणि जवळच्या मूकबधिर विद्यालयातल्या दोन शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. मजकूर पाठवला म्हणजे काम झालं असं समजू नका. खुणांच्या भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे, आणि शाळेत गेलेल्या कित्येक कर्णबधिरांना लांबलचक मराठी वाक्य वाचून पुरतं उमगत नाही. चित्रांची चार कार्डं करून ठेवा: पाणी, निघा, शाळा, औषध. शेजारच्या घरात त्यांच्या दाराची एक किल्ली, आणि खिडकीतून बॅटरीचा उजेड तीन वेळा मारला की निघायचं, अशी ठरलेली खूण. बोलताना बॅटरी त्यांच्या डोळ्यांवर न धरता स्वतःच्या तोंडावर धरायची, म्हणजे त्यांना ओठ आणि हातवारे दिसतात.

दिसत नसलेल्यांना दंडाला धरून ओढू नये. आपलं कोपर पुढे करावं, ते स्वतः धरतात. पाण्यातून नेताना पुढे काय आहे ते सांगत चालावं. स्वमग्न मुलं गर्दी-गोंगाटाने बिथरतात, त्यांना आईपासून तोडू नका, आणि त्यांची नेहमीची एखादी वस्तू, मग ती फाटकी उशी का असेना, सोबत येऊ द्या.

औषधांवर आणि विजेवर मात्र मी तुमचा जास्त वेळ घेणार आहे, कारण जीव जायचा धोका इथे सगळ्यात मोठा. २०१९ ला कोल्हापूरकडचा महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाकडे अशा वेळी फार दिवस नसतात. त्याला अंदाज आल्याबरोबर मिरज किंवा कोल्हापुरात, दवाखान्याच्या बाजूला पाणी न येणाऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणं हाच आराखडा. घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्याचं नाव महावितरणच्या शाखा कार्यालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन ठेवा, आणि सिलिंडर कुठून येणार ते लिहा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये कोविड रुग्णांच्या इमारतीत पाणी शिरलं, वीज गेली आणि रुग्ण दगावले. तिथे निदान डॉक्टर होते. घरात मशीनवर असलेल्या माणसाजवळ तेवढंही कुणी नसतं. फिटच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर फिट्स उसळतात, मानसिक आजाराच्या गोळ्या बंद झाल्या तर आठवडाभरात माणूस ढासळू शकतो. प्रत्येक घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची प्रत आणि दाखल्याची प्रत एका जाड प्लास्टिक पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. नंदुरबार-गडचिरोलीकडे मी सिकलसेलच्या रुग्णांसाठी कोरडे कपडे आणि उबदार पांघरूण हे औषधाच्याच यादीत लिहायला लावतो, कारण ओल्या कपड्यांत कुडकुडणं आणि पाणी कमी पिणं यानेही त्यांच्या वेदना उसळतात.

निवारा केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंगल कार्यालय. स्वतः एका व्हीलचेअरवर बसून फाटकापासून संडासापर्यंत जाऊन बघा. रॅम्प असतो, पण बऱ्याचदा इतका उभा की दोघांनी ढकलल्याशिवाय चढत नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे गवंड्याला सांगा. वर्गाला रॅम्प असतो आणि संडासाला दोन पायऱ्या असतात, हे तर नेहमीचं. पक्कं बांधकाम यंदा जमणार नसेल तर फळी, एक कमोड खुर्ची आणि पडद्याला दोन चादरी, एवढ्यावरही माणसाची अब्रू राहते. दृष्टिहीन कुटुंबाला दाराजवळची जागा द्या आणि तिथून संडासापर्यंत भिंतीच्या कडेने नायलॉनची दोरी कमरेच्या उंचीवर बांधा. एका गावात ही दोरी बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी लाईट गेली, आणि अख्खं केंद्र रात्री त्याच दोरीने जाऊ लागलं. जेवणाची रांग आणि ट्रकमधून फेकली जाणारी पाकिटं या दोन्ही ठिकाणी ही माणसं मागे पडतात, त्यांचं ताट जागेवर पोहोचवायची जबाबदारी एकाच्या नावावर असू द्या.

आता भाषा. इथे सुरुवात मराठीपासूनच करावी लागते. "कोयनेतून विसर्ग वाढवला, इतके क्युसेक" ही दवंडी अस्सल मराठी माणसालाही काही सांगत नाही. "उद्या सकाळी पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागेल, खालच्या गल्लीने आज संध्याकाळी सहाच्या आत शाळेत यायचं" हे सगळ्यांना कळतं. किती फुटांना पाणी कुठे येतं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. त्यांच्याकडून ते लिहून घ्या आणि देवळाच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर रंगाने खुणा करा. खूण वाचायला भाषा लागत नाही.

मग हेच अर्ध्या मिनिटाचं सांगणं कानडीत आणि हिंदीत, आणि ओडिया बोलणारे असतील तर ओडियातही, आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. कानडी आवाज तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या आजीचा घ्या. पुस्तकी कानडी बोलणारा मास्तर नको. आजी जशी नातवाला हाक मारते तशी बोलली की लोक उठतात. घंटागाडीचा स्पीकर गल्लोगल्ली फिरतो, तोच वापरा.

कामगारांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते: माणसं मोजायला मतदार यादी नाहीतर रेशन यादी घेतली जाते, आणि त्यात भाडेकरू नसतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी कोकणातल्या एका गावात निवारा केंद्रावर "सगळे आले" अशी नोंद झाली होती. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी मात्र सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, झोपड्यांत होते, गावाच्या मोजणीतच नव्हते. एका बागायतदाराला रात्री आठवण झाली म्हणून माणसं वर गेली. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर चढून संपर्क तुटतो, तिथे माडिया बोलणारा कार्यकर्ता अलीकडे आणि गावं पलीकडे राहिली तर निरोप कुणी द्यायचा, हाही याच जातीचा प्रश्न. तुमच्याकडे खोलीमालकांकडून भाडेकरूंची संख्या आणि भाषा घ्या. निरोपासाठी मुकादमावर विसंबू नका, कारण माग बंद पडला की नुकसान त्याचं होतं. प्रत्येक खोलीतून एक जण निवडा, जो वर्षभर तरी टिकलाय आणि ज्याचं बाकीचे ऐकतात. त्यांना एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट सांगा: निवारा केंद्रात आधार कार्डावरचा पत्ता बघितला जाणार नाही. पत्ता बघून हाकलतील या भीतीने लोक खोलीतच बसून राहिलेले मी पाहिले आहेत.

हे सगळं उपकार म्हणून करायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करायची आहे. मदतवाटपात भेदभाव नको असं सांगणाऱ्या २००५ च्या आपत्ती कायद्याच्या कलम ६१ मध्ये लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म आहेत, अपंगत्व नाही. म्हणून तालुक्याला पत्र लिहाल तेव्हा २०१६ च्या कायद्याचा आधार घ्या. रॅम्प, कमोड खुर्ची, बॅटऱ्या यासाठी पाच टक्के निधीतून काय बसतं ते ग्रामसेवकांशी बोलून ठरावात घ्या.

यादी जपा. ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नोटीस बोर्डावर लावू नका. एकटी राहणारी बाई कोण, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, हे चव्हाट्यावर यायला नको. पूर्ण यादी तीन जणांकडे, आणि जोडीतल्या मदतनीसाकडे फक्त त्याच्या दोन घरांचा कागद, प्लास्टिकमध्ये घालून. पूर ओसरल्यावर पंचनाम्यात भांडी-कपड्यांबरोबर वाहून गेलेली तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र यांचा उल्लेख करून घ्या. लोक संकोचाने ते सांगत नाहीत आणि मग वर्षभर घरात बसतात.

शेवटी रंगीत तालीम. दुपारी, छायाचित्रकाराला बोलावून, उद्घाटन करून घेतलेल्या तालमीतून फारसं काही कळत नाही. मे अखेरीस एका रात्री नऊनंतर, खालच्या गल्लीतली वीज बंद करून घ्या. सगळं गाव नको, दहा घरं पुरेत: एक खुर्चीवालं, एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर, एक अंथरुणावरचं, एक कानडी, कामगारांच्या दोन खोल्या आणि बाकीची तुम्ही ठरवाल ती. ज्यांना बाहेर काढायचं त्यांना आधी सांगून, त्यांची संमती घेऊन. निरोप निघाल्यापासून माणूस, त्याचं साधन आणि औषधाची पिशवी शाळेत पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागली ती प्रत्येक घरापुढे लिहा. पहिल्या खेपेला एखाद्या घराला सव्वा तासही लागेल, तोही लिहा. ३९ फुटांची वाट बघायची की ३७ ला गाडी काढायची, हे त्या घरापुरतं त्या मिनिटांवरून ठरवा, आणि तो आकडा त्या माणसाच्या नावापुढे आराखड्यात चढवा.